धनुर्मासातलं दूध

धनुर्मास लागला की वेस्ट मांबलमला थंडीचं सोंग चढतं. थंडी असते थोडीशीच, सोंग मात्र फार. फिरायला निघालेले आजोबा माकडटोप्या घालतात, रिक्षावाले कानाभोवती पंचे गुंडाळतात, आणि मी मिरजेची बाई उघड्या दंडांवर ती कोवळी हवा घेत खिडकीत उभी राहते. उजाडायच्या आधीच देवळातला भोंगा सुरू होतो. खालच्या बोळात बायका कमरेत वाकून कोलम काढत असतात. रांगोळीच्या मधोमध शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. थोड्या वेळानं देवळातून मिरी आणि तूप घातलेल्या पोंगलचा, म्हणजे मुगाच्या मऊ खिचडीचा, वास येतो. या शहराला हाच महिना, म्हणजे इथली मार्गळी, सगळ्यांत लाडका. मलाही तो आवडतो. पण त्याचं आणि माझं एक जुनं दुखणं आहे, आणि दरवर्षी तो ते बरोबर घेऊन येतो.

ते दुखणं तिरुचीहून येतं, सुटकेस घेऊन, मुलीचा हात धरून. कावेरी, माझी नणंद. शाळांना सहामाहीची सुट्टी लागली की ती माहेरी येते आणि पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, राहते. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला की माझी इरा चप्पल न घालता जिने उतरते आणि फाटकाशीच आत्तेच्या कमरेला मिठी मारते. मी ती मिठी वरून, बाल्कनीतून बघते. यंदाही बघितली. कावेरी एका हातानं तिचे केस मागे सारत होती, दुसऱ्या हातात सुटकेस तशीच, खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. आणि माझ्या छातीत, अगदी जिथं चावायला हवं तिथंच, काहीतरी चावलं.

हेवा हा शब्द तसा सोज्वळ आहे. त्यात थोडं कौतुक असतं, थोडं 'आपल्यालाही मिळावं' असं असतं. माझं तसं नव्हतं. मला कावेरीचं आपल्याला मिळावं असं वाटायचं, आणि तिच्याकडे राहू नये असंही वाटायचं. याला मराठीत मत्सर म्हणतात. सहा शत्रूंत तो शेवटचा मोजतात. मला वाटतं, तो सगळ्यांत उशिरापर्यंत टिकतो म्हणून.

कावेरीची मीनू आणि माझी इरा एकाच मोसमातल्या. मीनू दिवाळीच्या सुमारास झाली, इरा तिच्यामागून कार्तिक संपता संपता. कावेरी बाळंतपणाला आईकडे आली होती. मला जायला आई नव्हती. मी कॉलेजात असतानाच ती गेली. म्हणून मी सासरीच राहिले, आणि दोन खोल्या नि एक पुढची बैठक असलेल्या त्या फ्लॅटमध्ये दोन बाळंतिणी, दोन पाळणे आणि एकच अम्मा असा संसार सुरू झाला. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला देवघरातल्या जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी वाटली होती. घासून घासून पातळ झालेली, काठाला तमिळचं कडं बसवलेली.

मी पेरुंगुडीला पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. शेवग्याचा पाला, मेथी, शतावरी, लसूण अशा वनस्पतींची पूड करायची, ती गाईंच्या आंबोणात मिसळायची आणि दुधात काय फरक पडतो ते बघायचं, हे माझं काम. दूध वाढतं का, त्यातलं फॅट वाढतं का, प्रथिनं किती, चरबीची जात बदलते का. मिरजेकडे सकाळी डेअरीच्या रांगेत माणसं एकमेकांना राम राम घालायच्या आधी 'फॅट किती लागलं?' असं विचारतात. मी त्या प्रश्नावरच वाढले आणि त्यावरच पोट भरते, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी चेंगलपट्टूच्या पलीकडे एका गोठ्यावर माझ्या मिश्रणाची चाचणी चालू होती. माझी, म्हणजे खरोखर माझी. पाला कुठून आणायचा, सावलीत किती वाळवायचा, मेथी भाजायची की कच्ची ठेवायची, हे सगळं मी ठरवलं होतं. अर्ध्या गाईंना मिश्रण द्यायचं, अर्ध्यांना साधं आंबोण, आणि दोन्हींचं दूध शेजारी ठेवून बघायचं. ऐन चाचणीच्या मध्यावर माझे दिवस भरले. मी ते सगळं माझ्या हाताखालच्या भारतीकडे सोपवलं आणि घरी येऊन निजले. भारती हुशार मुलगी. दर आठवड्याला न चुकता फोन करायची. माझे गमबूट घालून ती माझ्या गाईंमध्ये फिरत होती, आणि मी पंख्याखाली पडून तिचं ऐकत होते. त्या मोसमात मला कुणाकुणाचं बघवलं नाही, त्यात भारतीचा नंबर दुसरा.

पहिला अर्थातच कावेरीचा.

अम्मांनी घरात त्यांची चाचणी चालू केली होती, फक्त तीत दोन गट नव्हते. सून आणि लेक दोघींना एकाच पातेल्यातलं. तिळाच्या तेलात अख्ख्या लसणीच्या पाकळ्या शिजवून केलेलं पूंडू कुळंबू आणि मऊ भात, सकाळी लसूण घालून उकळलेलं दूध, दुपारी शेवग्याच्या पाल्याची भाजी. त्यातच मिरजेहून माझ्या मावशीचं पार्सल आलं. डिंक-मेथीचे लाडू, अळीव, शतावरीची पूड. अम्मांनी लाडू हुंगून बघितले, मान हलवली आणि ते सुद्धा दोघींत वाटले. आठवडाभरात माझ्या घामाला मेथीचा वास येऊ लागला. भारतीनं फोनवर सांगितलं की गोठ्यातल्या दुधालाही तोच वास येतोय. गाई आणि मी एकाच खुराकावर आहोत, असं मी तिला म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा मी अजून हसत होते.

खुराक एकच. पण कावेरीला पान्हा दाटून यायचा आणि मला येत नव्हता. तिला नुसतं मीनूचं रडणं ऐकू आलं, नव्हे, शेजारच्या बिऱ्हाडातलं पोर रडलं, तरी तिचा पदर भिजायचा. ती टॉवेल खांद्यावर टाकूनच फिरायची. मीनू पिऊन झोपी गेली तरी छाती दुखते म्हणून ती स्टीलच्या पेल्यात दूध पिळून काढायची आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. मोरीत टाकायचं नसतं, झाडाच्या मुळाशी घालायचं असतं, हे तिला अम्मांनी सांगितलं होतं. मी आतल्या खोलीतून ते बघत असे. माझ्या मांडीवर इरा असे, ओढून ओढून दमलेली, कपाळाला घाम आलेला, आणि बाहेर ती पांढरी धार मातीत जिरत असे. त्या वर्षी कढीपत्ता तरारून फुटला. अम्मा आमटीला मूठभर पानं तोडायच्या आणि मी माझ्या ताटातली वेचून बाजूला काढायची.

दुधाचंच होतं असंही नाही. कावेरीच्या डोक्याला अम्मा तेल घालायच्या. माझ्याही घालायच्या, तितक्याच मायेनं. पण घालता घालता त्या कावेरीला रागवायच्या. सावकाश जेव म्हणून, पाय पसरून बसू नको म्हणून, नवऱ्याशी फोनवर एवढं काय बोलतेस म्हणून. कावेरीही उलट बोलायची, मग दोघी फुरंगटून बसायच्या आणि थोड्या वेळानं तिसऱ्याच गोष्टीवर हसत असायच्या. मला अम्मा एकदाही रागावल्या नाहीत. माझा चहा वेगळा करून द्यायच्या, कारण मला कॉफी चालत नसे. सुनेला इतकं जपणारी सासू अख्ख्या मांबलममध्ये नसेल. आणि मी पाळण्याची दोरी ओढत विचार करायची, कुणीतरी मला एकदा चांगलं खेकसावं.

अण्णा नगरच्या ज्या हॉस्पिटलात इरा झाली तिथं तिला तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग इराच्या मांड्यांकडे, मग माझ्याकडे. त्या चांगल्या होत्या. अशी वेळ पुष्कळांवर येते, यात तुमचं काही चुकत नाही, वरचं दूध सुरू करा, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मान डोलावली. जी गाय खुराक खाऊनही देत नाही, तिच्याबद्दल आम्ही आमच्या अहवालात दोष देत नाही, फक्त 'प्रतिसाद नाही' असं लिहितो. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेवढेच दोन शब्द वाजत होते.

घरी आल्यावर अम्मांनी ऐकलं, पुढ्यातली विळी बाजूला सारली आणि सरळ म्हणाल्या, "वरचं कशाला? ही सांडते आणि ते बाळ उपाशी रडतें. एका घरांत हे बरं दिसतें कां?"

कावेरी तिथंच होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ती मला विचारत होती, हे मला कळलं. रघू, माझा नवरा, रेल्वेच्या कचेरीतून तेव्हाच आला होता. त्यानं बूटही काढले नव्हते. तो म्हणाला की यात त्याला बोलायचा अधिकार नाही, माझं मी ठरवावं. इतर वेळी हे ऐकून मला बरं वाटलं असतं.

मी ठरवलं. खालच्या औषधाच्या दुकानातून डबा आणायला सांगितला. आता डब्यातली पूड म्हणजे तरी काय, शेवटी गाईच्याच दुधाची. कुठल्या देशातली गाय, काय खाल्लेली, कुणी धार काढलेली, देव जाणे. मी, जिला दुधाचा वास घेऊन गाईच्या दावणीत काय होतं ते सांगता येतं, मी ते निनावी दूध पोरीला उकळलेल्या पाण्यात कालवून दिलं. परक्या गाईचं चालेल, नणंदेचं नको.

इरानं ती बाटली मनापासून कधी घेतली नाही. थोडं घ्यायची, बरंच ओकायची.

मग ती पहाट आली. देवळातल्या भोंग्यानं मला जाग आली. रात्रभर इरानं झोपू दिलं नव्हतं आणि पहाटे केव्हातरी माझा डोळा लागला होता. हात लावला तर पाळणा रिकामा. मी उठून बाहेर आले. बैठकीत चटईवर, भिंतीला पाठ टेकून कावेरी बसली होती, आणि तिच्या पदराखाली इरा. मला इरा दिसायच्या आधी ऐकू आली. घुटुक, घुटुक, घुटुक. मोठे, सलग, न थांबता घेतलेले घोट. माझ्याकडे तिनं तसा आवाज कधीच केला नव्हता. माझ्याकडे ती ओढायची, थांबायची, वाट बघायची, रडायची. तो आवाज मी गोठ्यांमधून आयुष्यभर ऐकत आले होते, वासरं असा आवाज करतात. माझं लेकरू तो करू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"तूं निजून होतीस, वैनी," कावेरी हलक्या आवाजात म्हणाली. "ही फार रडली. अम्मा म्हणाली, घे."

"दे तिला," मी म्हटलं.

"संपवूं दे गो. अर्ध्यावर काढलं तर अजून रडेल."

ती बरोबर बोलत होती. म्हणून मी उभी राहिले. स्वयंपाकघराच्या दाराशी, दुसऱ्याच्या घरी ताक मागायला आल्यासारखी, माझ्याच मुलीचं पिणं संपायची वाट बघत. बाहेर कुणीतरी पाण्याचा सडा घालत होतं. इरा कधी नव्हे ते स्वतःहून सुटली आणि ओठ उघडे टाकून झोपी गेली. कावेरीनं तिला माझ्या हातात दिलं. जड वाटली. खरंच जड झाली होती.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. इरा आधी माझ्याकडे यायची, जेवढं असेल तेवढं घ्यायची, मग कुणीतरी तिला उचलून बाहेर न्यायचं. घरातली पावलं ओळखू येतात. अम्मांची असत किंवा कावेरीची. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. भिंतीपलीकडून तो घुटुक घुटुक आवाज यायचा आणि माझी छाती, जी पोरीच्या ओढण्यानं भरत नव्हती, ती तेव्हा थोडीशी पाझरायची. दुसरीकडे गेल्यावर. याला काय म्हणावं?

आता इरा आणि मीनू दुसरीत आहेत. परवा दोघी बैठकीत बसून पतंगी कागद कापत होत्या. कुणाची पट्टी लांब यावरून भांडण लागलं, तर दोघींनी आपापल्या पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, डोकी वाकवली आणि डोळे बारीक करून मोजत राहिल्या. मला हसू आलं. मग आठवलं, मीही तसंच केलं होतं.

त्या मोसमाच्या शेवटाकडे भारतीनं मला पेरुंगुडीला बोलावलं. चाचणीचे आकडे जमत आले होते आणि काही गोष्टी समोर बसून ठरवायच्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी कावेरी पेला घेऊन कुंडीकडे निघाली, तेव्हा मी म्हटलं, ओतू नकोस, मला दे, ऑफिसात बघते. ती हसली आणि पेलाच माझ्या हातात दिला. ते मी एका बाटलीत ओतलं, दुसऱ्या बाटलीत माझं घेतलं. इराचं पिऊन झाल्यावर पंपाला लागून बसले आणि बाटलीच्या तळाशी जेमतेम पुरेल इतकं जमवलं. बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या घालून मी निघाले. कशासाठी ते मला पक्कं माहीत होतं. माझं थोडं आहे ना, असू दे. पण दाट असलं पाहिजे. तिचं भरपूर आहे ना, मग पाणी असलं पाहिजे.

दूध तपासायचं मोठं मशीन गाई-म्हशींच्या दुधासाठी बांधलेलं असतं, बाईच्या दुधाला ते भलतेच आकडे दाखवतं. म्हणून भारतीनं जुनी पद्धत काढली. काचेच्या नळीत आम्ल घातलं, वर दूध, नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या आणि गरम पाण्यात उभ्या केल्या. चरबी वितळून वर येते, नळीच्या गळ्यात तिची पिवळसर पट्टी दिसते. पट्टी जितकी उंच तितकं फॅट जास्त. मी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. माझी पट्टी उंच होती. थोडी नव्हे, चांगलीच. मी तिथं उभी असताना मला जे वाटलं ते कुठल्याही बक्षिसानं वाटलं नसेल. मी भारतीला नळी दाखवली.

भारतीनं विचारलं, ही कधी घेतली? मी सांगितलं, इरा पिऊन झाल्यावर. आणि ती दुसरी? पिण्याआधी, छाती दुखत होती म्हणून. भारतीनं नळी पुन्हा उजेडाकडे धरली. मग अगदी आदरानं म्हणाली, "मॅडम, धारेच्या सुरुवातीचं पातळ आणि शेवटचं दाट. दोन गाईंची तुलना करायची तर नमुना एकाच वेळचा हवा. हे तुम्हीच मला शिकवलंत."

मी नळ्या धुतल्या. नियमाप्रमाणे, तीनदा.

मग आम्ही चाचणीचं बोलायला बसलो. माझ्या मिश्रणानं दूध वाढलं नव्हतं. फॅट किंचित चढलं होतं, चरबी जरा मऊ जातीची झाली होती, लोणी काढलं तर भाकरीवर सहज पसरेल अशी. शास्त्र म्हणून वाईट नव्हतं. पण दुधाला मेथीचा वास होता. भारतीनं ऑफिसातल्या सगळ्यांना त्या दुधाची फिल्टर कॉफी करून दिली होती आणि एकानंही दुसरा घोट घेतला नव्हता. या शहरात दुधाला दुसरी परीक्षा नाही. मेथी कमी करून पुन्हा करायचं ठरलं. आणि गोठ्यात सगळ्यांत जास्त दूध कोण देत होतं, तर चेल्लम नावाची एक ठिपक्यांची गाय, साध्या आंबोणाच्या गटातली. तिला माझ्या मिश्रणाचा कणही मिळाला नव्हता. भारती हे कौतुकानं सांगत होती. गाईवर जळणारी मी पहिलीच बाई असेन.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. कावेरीच्या चटईवर मीनू आणि इरा शेजारी झोपल्या होत्या. इरा पोट भरून झोपली होती, ओठांच्या कोपऱ्यात थेंब सुकला होता. मी वाकले आणि तिच्या तोंडाचा वास घेतला. हे माझं कामच आहे. दुधाचा घोट घेतला की गाईनं ऊस खाल्ला की हिरवा घास की सरकी, हे मी सांगते. त्यासाठी मला लांबलांबून बोलावतात. मी डोळे मिटून हुंगलं. लसूण, मागे थोडी मेथी, कोमट गोडसर. माझं की तिचं? मी पुन्हा हुंगलं. सांगता येईना. एकाच पातेल्यातलं खाल्लेलं, एकाच वासाचं. मी बराच वेळ तशी वाकून होते. कावेरी दारात येऊन उभी राहिली, तिनं विचारलं, ताप आहे का गो तिला? मी म्हटलं, नाही.

पोंगल आला तोवर मी आटले. आमच्याकडे गाईला म्हणतात तोच शब्द, दुसरा मला सापडत नाही. माट्टु पोंगलला, म्हणजे गाईगुरांच्या पोंगलला, आम्ही गोठ्यावर शेवटचे नमुने घ्यायला गेलो. आपल्याकडे पोळ्याला बैलांचं कौतुक, इथं गाईंचंही. शिंगं निळी-लाल रंगवलेली, गळ्यात ऊस आणि झेंडूच्या माळा. चेल्लम माळ खात उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चामडी थरथरली, मग स्थिर झाली. तिची कास इतकी भरली होती की सडांतून आपसूक थेंब पडत होते. मी तिचा नमुना स्वतः घेतला नाही, भारतीला घ्यायला सांगितलं.

कावेरी त्यानंतर थोड्याच दिवसांत निघाली. एगमोरच्या फलाटावर तिनं डब्यात बसून पदर ओढून इराला शेवटचं पाजलं, आणि गाडी हलायच्या आधी माझ्याकडे दिलं. तिचे डोळे भरले होते. मीनू अम्मांकडे होती, ती तिनं घेतली आणि मग इराकडे बघत म्हणाली, "हिला माझी आठवण राहणार नाही, वैनी. मला राहील."

पहिलं वाक्य ऐकून मला आनंद झाला. दुसरं मी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि गाडीला हात हलवला.

इरा डब्यातल्या दुधावर वाढली, मग भातावर, मग मी खाते त्या सगळ्यावर. धडधाकट आहे. मेथीची भाजी तिला आवडते, मीनूला आवडत नाही. माझं मिश्रण पुढच्या वर्षी मेथीविना चाललं. आता ते कितीतरी गोठ्यांवर जातं. कावेरीच्या डोळ्यांत त्या मोसमाबद्दल कधी काही दिसलं नाही. तिनं कधी आठवण काढली नाही, इरालाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला राग आला असता. सांगितलं नाही याचाही येतो. जणू ते तिचं असं काही आहे, की ते दाखवायचीसुद्धा तिला गरज नाही.

यंदाच्या भोगीला दुपारी सगळ्याजणी जमिनीवर जेवायला बसलो. अम्मा आता खुर्चीत बसून जेवतात. कावेरी वाढत होती. इराच्या ताटात तिनं तूप घातलं आणि नेहमीसारखी क्षणभर तिथंच थांबली, इराच्या चावणाऱ्या गालांकडे बघत. मग ती आत गेली. इरानं मला विचारलं, "आई, मी जेवताना आत्ते माझ्याकडेच का बघते?"

मी म्हणू शकले असते, ती तुझी आत्या आहे म्हणून. कुणी हटकलं नसतं.

"तू तान्ही होतीस ना, तेव्हा आत्तेनं तुला दूध पाजलंय," मी म्हटलं.

"मग तू?"

"मीपण."

"कुणी जास्त?"

पट्टी मोजणारी पोर ती. आणि मला उत्तरं पुष्कळ येतात. पातळ-दाट, सुरुवातीचं-शेवटचं, नमुना कधी घेतला, तो कशानं मोजला.

"आत्तेनं," मी म्हणाले.

अम्मांचा हात थांबला. इराला मात्र फार मजा वाटली. ती मीनूकडे वळली आणि गाणं म्हणावं तसं म्हणाली, "तुझ्यातलं मी प्याले, तुझ्यातलं मी प्याले."

मीनूनं दहीभातातून हात काढला. तिनं इराकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथं तिची आई तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं खालचा ओठ आत ओढला आणि ताट थोडं स्वतःकडे सरकवलं. तो चेहरा मी ओळखला. तो मी एक अख्खा धनुर्मास भिंतीकडे वळवून ठेवला होता. आणि इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं की कावेरीच्या पदराखाली इरा असायची तेव्हा ही दुसरी पाळण्यात असायची, जागी, आपली पाळी यायची वाट बघत.

मी माझं ताट उचललं आणि मीनूच्या शेजारी गेले. सरक जरा, म्हटलं. ती सरकली नाही. मग मी तशीच टेकले, अर्धी तिच्या चटईवर, अर्धी गार फरशीवर, आणि जेवायला लागले.